मुकुटाची मर्यादा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया या प्रांतात ९ मे २०१७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. ८७ जागांपैकी सत्तारूढ लिबरल पक्षाला ४३, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ४१ आणि ग्रीन पक्षाला ३ जागा मिळाल्या. सोळा वर्षे सत्ता उपभोगलेल्या लिबरल पक्षाला बहुमतासाठी नेमकी एक जागा कमी पडली. ग्रीन पक्षाच्या तिघांनी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला पाठिंबा जाहीर केला. तरीही प्रीमियर, म्हणजे आपल्या परिभाषेत मुख्यमंत्री, ख्रिस्टी क्लार्क यांनी तत्काळ राजीनामा दिला नाही. सभागृहाला सामोरे जाण्याचा आपला हक्क त्यांनी बजावला. २९ जून रोजी मतदान झाले आणि ४४ विरुद्ध ४२ मतांनी त्यांचे सरकार कोसळले. त्याच दिवशी त्या प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर ज्युडिथ गिशॉन यांच्याकडे गेल्या आणि विधानसभा विसर्जित करून नव्या निवडणुका घ्याव्यात, अशी त्यांनी विनंती केली. गिशॉन यांनी ती अमान्य केली आणि विरोधी पक्षनेते जॉन हॉर्गन यांना सरकार बनविण्यास पाचारण केले. १८ जुलै रोजी हॉर्गन यांचा शपथविधी झाला.

या साऱ्या घटनाक्रमात मध्यरात्री कोणाला शपथ देण्यात आली नाही, आमदारांना बसगाड्यांत घालून परप्रांतातील हॉटेलांत कोंडून ठेवावे लागले नाही आणि बहुमत कोणाचे हे ठरविण्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढले नाही. ज्यांनी हा निर्णय दिला त्या गिशॉन बाई पशुपालनाच्या व्यवसायातून आलेल्या होत्या. त्यांच्या हाती लष्कर नव्हते की त्यांच्या मागे पक्ष नव्हता. त्यांच्यापाशी होते ते दीडशे वर्षांच्या घटनात्मक संकेतांचे बळ. एका मताच्या काठावर उभा असलेला पेचप्रसंग तेवढ्या बळावर सुटला.

कॅनडाच्या राजकारणाचे गोडवे गाण्याचे भारतीयांना काही कारण नाही. खलिस्तानवाद्यांना त्या भूमीवर जो आश्रय मिळाला, त्याची किंमत २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमानातील ३२९ जीवांनी मोजली आहे. त्या जखमेचा विसर पडण्याजोगा नाही. परंतु राज्यकारभाराच्या शास्त्रात कोणाचे काय घ्यावे याचा विचार रागलोभाच्या पलीकडे जाऊन करावा लागतो. शिवाय येथे प्रश्न केवळ परक्याच्या घरात डोकावण्याचा नाही. केंद्राने नेमलेला राज्यपाल, केंद्राकडे असलेले शेषाधिकार, प्रांताचे विधेयक केंद्राच्या विचारार्थ राखून ठेवण्याची तरतूद, ही आपल्या राज्यघटनेची तिन्ही वैशिष्ट्ये कॅनडाच्या घटनेत आधीपासून आहेत. यंत्र बरेचसे सारखे आहे. तेथे ते कसे चालते आणि येथे ते का अडखळते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कॅनडा हे प्रजासत्ताक नाही. ती घटनात्मक राजेशाही आहे. इंग्लंडचा राजा हाच कॅनडाचाही राजा. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत हा मान राणी एलिझाबेथ यांचा होता, त्यानंतर तो राजे चार्ल्स यांच्याकडे आला. राजाचा देशपातळीवरील प्रतिनिधी गव्हर्नर जनरल, तर दहा प्रांतांपैकी प्रत्येकात लेफ्टनंट गव्हर्नर. ही नेमणूक देशाच्या पंतप्रधानाच्या सल्ल्याने होते आणि वेतन केंद्राच्या तिजोरीतून मिळते. १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने हे संघराज्य जन्माला घातले. तो कायदा अक्षरशः वाचणाऱ्याला वाटेल की, प्रांतात या एकाच व्यक्तीची सत्ता चालते. मंत्री नेमायचे ते त्याने, विधानसभा बोलवायची ती त्याने, पैसा खर्च करण्याचा प्रस्ताव यायचा तो त्याच्या शिफारशीने, विधेयकाचा कायदा व्हायचा तो त्याच्या संमतीने. त्या कायद्यात प्रांताच्या मुख्यमंत्र्याचा उल्लेखसुद्धा नाही!

'राजा बोले, दळ हाले' अशी आपल्याकडे म्हण आहे. कॅनडाच्या प्रांतात ती उलटी झाली आहे. तेथे दळ बोलते आणि राजा हालतो. विधानसभेच्या आरंभी लेफ्टनंट गव्हर्नर सिंहासनावरून जे भाषण वाचतो, त्यातील शब्द मंत्रिमंडळाचे असतात. मंत्रिमंडळाचा प्रत्येक महत्त्वाचा आदेश त्याच्या सहीने निघतो, पण त्या आदेशाचे उत्तरदायित्व मंत्र्याचे असते आणि मंत्री विधानसभेला उत्तरदायी असतो. सरकार चुकले तर लोकांनी जाब मंत्र्याला विचारायचा, मुकुटाला नाही. मुकुटाला बोलता येत नाही, म्हणूनच त्याला दोषही लागत नाही. मग मुकुटाचे काम काय? सत्तेच्या खुर्चीवर कोणीतरी आहे आणि जो आहे त्याच्यामागे सभागृह आहे, एवढे पाहणे. बाकी सर्व काळ सही करणे, समारंभ करणे आणि खाजगीत मुख्यमंत्र्याला चार शहाणपणाचे शब्द सांगणे. राजकारण थांबते तेथेच त्याचे स्थान सुरू होते.

हे सारे पहिल्या दिवसापासून असे होते, असे मात्र नाही. देशाचे पहिले पंतप्रधान जॉन मॅक्डॉनल्ड यांना बलवान केंद्र हवे होते आणि लेफ्टनंट गव्हर्नर हा प्रांतातील आपला मुनीम असावा, अशीच त्यांची धारणा होती. त्या काळात या पदावरील मंडळींनी उद्योगही बरेच केले. १८७८ साली क्वेबेकचे लेफ्टनंट गव्हर्नर ल्यूक लेतेलिए यांनी सभागृहात बहुमत असलेले मंत्रिमंडळच बडतर्फ केले. पुढील वर्षी खुद्द लेतेलिए यांनाच पदावरून दूर करण्यात आले. १९०० साली ब्रिटिश कोलंबियात थॉमस मॅकिनिस यांनी असाच पराक्रम केला. त्यांनी नेमलेला मुख्यमंत्री निवडणुकीत पडला आणि पाठोपाठ मॅकिनिस यांचेही पद गेले. प्रांतिक मंत्रिमंडळ बडतर्फ होण्याचा शेवटचा प्रसंग १९०३ सालचा. ब्रिटिश कोलंबियाचे मुख्यमंत्री प्रायर यांच्या स्वतःच्या व्यापारी पेढीचे टेंडर त्यांच्याच सरकारपुढे आले होते आणि त्यात त्यांचा हात गुंतल्याचे दिसले, म्हणून त्यांना घरी पाठविण्यात आले. त्यानंतर सव्वाशे वर्षे होत आली. एवढ्या काळात कॅनडाच्या एकाही प्रांतात एकाही लेफ्टनंट गव्हर्नरने एकही मंत्रिमंडळ बडतर्फ केलेले नाही. तो अधिकार कायद्यातून काढला गेलेला नाही. तो वापरायचा नसतो, एवढेच सर्वांना ठाऊक झाले आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. १८७२ पासून १८९६ पर्यंत ओंटारिओचे मुख्यमंत्री राहिलेले ऑलिव्हर मोवॅट यांनी प्रांतांच्या हक्कांसाठी मॅक्डॉनल्ड यांच्याशी चिवट झुंज दिली. १८९२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, लेफ्टनंट गव्हर्नर हा प्रांताच्या कारभारापुरता राजाचाच प्रतिनिधी आहे, केंद्र सरकारचा गुमास्ता नव्हे. नेमणूक केंद्राची, पण निष्ठा प्रांताच्या घटनात्मक व्यवस्थेशी, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले.

प्रांताने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार केंद्राला होता आणि कागदावर तो आजही आहे. १८६७ पासून ११२ प्रांतिक कायदे या अधिकाराखाली रद्द झाले. त्यातला शेवटचा १९४३ सालचा. १९३७ साली अल्बर्टा प्रांतात विल्यम अॅबरहार्ट यांच्या सरकारने वृत्तपत्रांवर अंकुश आणणारे आणि बँकांना वेठीस धरणारे कायदे करू घातले, तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर जॉन बोवेन यांनी तीन विधेयके केंद्राच्या विचारार्थ राखून ठेवली. संतापलेल्या सरकारने दुसऱ्या वर्षी त्यांचा शासकीय निवासच बंद करून टाकला! पुढे सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही विधेयके घटनाबाह्य ठरविली. तेव्हापासून प्रांताच्या कायद्याची वैधता तपासण्याचे काम अधिकाधिक न्यायालयाकडे गेले. १९६१ साली सस्कॅचवान प्रांताचे फ्रँक बास्टेडो यांनी ओटावाला न विचारता एक विधेयक राखून ठेवले. त्या प्रांतात डाव्या विचारांचे सरकार होते, तर केंद्रात पंतप्रधान डिफेनबेकर यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. विरोधकाला कोंडीत पकडण्याची संधी आयती चालून आली होती. डिफेनबेकर यांच्या सरकारने तातडीने त्या विधेयकाला संमती देववून टाकली. अशी उदाहरणे घडतात, तेव्हाच संकेत रुजतात. पक्षाचा लाभ समोर दिसत असताना तो नाकारणारा सत्ताधीश घटनेत एक न लिहिलेले कलम घालून जातो.

कॅनडाच्या व्यवस्थेत सारे काही अनुकरणीय आहे, असा याचा अर्थ नाही. प्रांतांना मिळालेल्या मोकळेपणाचे दुसरे टोक क्वेबेकने दाखविले आहे. १९९५ च्या सार्वमतात तो प्रांत देशापासून फुटता फुटता वाचला. एकत्र राहण्याच्या बाजूने पडलेली मते होती अवघी ५०.५८ टक्के. २०२२ साली तेथील फुटीरतावादी पक्षाच्या तीन आमदारांनी राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, तेव्हा प्रांतिक विधानसभेने कायदा करून ती शपथच ऐच्छिक ठरविली. जो मुकुट सात समुद्रांपलीकडचा आहे, त्याच्याभोवती राष्ट्रभावना गुंफता येत नाही, हे या व्यवस्थेचे उणेपण आहे. भारताची एकात्मता करारनाम्यातून जन्मलेली नाही. ती सहस्रावधी वर्षांच्या सांस्कृतिक प्रवाहातून आली आहे. म्हणूनच बलवान केंद्राचा आग्रह येथे सर्वथा योग्य ठरतो. पण बलवान केंद्र म्हणजे राजभवनात बसविलेला पक्षाचा हस्तक नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करण्याचे पाप स्वतंत्र भारताच्या राजकारणाने दीर्घकाळ केले.

त्या पापाचे मूळ पारतंत्र्यात आहे. १९३५ च्या कायद्यान्वये १ एप्रिल १९३७ पासून भारतातील अकरा प्रांतांत 'प्रांतिक स्वायत्तता' आली. राजा तोच, रचनाही वरकरणी तीच. गव्हर्नर, मुख्य प्रधान, मंत्रिमंडळ, विधानसभा. मुंबई प्रांतात काँग्रेसने गव्हर्नरच्या विशेषाधिकारांविषयी आश्वासन मागत सत्ताग्रहण लांबविले, तेव्हा सर धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ अधिकारावर आले. सभागृहात त्याला बहुमत नव्हते. परंतु त्यातील जमनादास मेहता यांच्या आग्रहामुळे त्याच मंत्रिमंडळाच्या काळात, १० मे १९३७ रोजी, स्वातंत्र्यवीर सावरकरांची रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून मुक्तता झाली. ज्या मुकुटाविरुद्ध कट केल्याबद्दल त्यांना जन्मठेप झाली होती, त्याच मुकुटाच्या नावे चालणाऱ्या प्रांतिक सरकारने त्यांना मोकळे केले. देशी मंत्र्यांच्या सल्ल्याला वजन आले की काय होऊ शकते, याचा हा पुरावा होय. जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले.

तथापि त्या स्वायत्ततेची खरी किंमत दोन वर्षांत कळली. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. त्याच राजाच्या कॅनडाने आपल्या संसदेत विचार करून, इंग्लंडनंतर आठवड्याने, स्वतःची युद्धघोषणा केली. भारताला मात्र व्हाईसरॉयने कोणालाही न विचारता युद्धात ओढले. नोव्हेंबरमध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९३५ च्या कायद्यातील कलम ९३ चा आधार घेऊन गव्हर्नरने सारा कारभार आपल्या हाती घेतला. कॅनडात लोकांच्या इच्छेपुढे कागदावरचे अधिकार निद्रिस्त झाले होते. येथे ते अधिकार जागे होते, कारण गव्हर्नरच्या मागे उभी असलेली सत्ता लोकांची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ते कलम जायला हवे होते. पण त्याचाच वारसा घेऊन कलम ३५६ घटनेत आले. राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, असा विचार घटना समितीने आरंभी केला होता. १९४९ साली तो सोडून नेमणुकीची पद्धत स्वीकारली गेली. निवडून आलेला राज्यपाल मुख्यमंत्र्याचा प्रतिस्पर्धी होईल, ही भीती रास्तच होती. मात्र कॅनडासारखी नेमणूक घेताना कॅनडाने दीर्घ अनुभवातून कमावलेला संयम आपल्याबरोबर आला नाही. तो आयात करता येतही नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९५९ साली केरळमधील बहुमताचे सरकार नेहरूंच्या राजवटीत बरखास्त झाले. १९८४ साली आंध्रात एन. टी. रामाराव यांना राजभवनातून पदच्युत करण्यात आले. डिसेंबर १९९२ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश येथील भाजपाची सरकारे एका फटक्यात गेली. फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात रोमेश भंडारी यांनी कल्याणसिंह यांना दूर करून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सभागृहात मोजणी झाली, तेव्हा कल्याणसिंह यांना २२५ आणि पाल यांना १९६ मते पडली. २ फेब्रुवारी २००५ रोजी गोव्यात मनोहर पर्रीकर यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला आणि त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्यांचे सरकार बडतर्फ केले. त्याच वर्षी बिहारची विधानसभा बैठक होण्यापूर्वीच विसर्जित करण्यात आली. तो निर्णय पुढे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. लेतेलिए यांनी १८७८ साली केलेली चूक भारताने सव्वाशे वर्षांनंतरही पुनःपुन्हा केली, असेच म्हणावे लागते.

परंतु या पाढ्याचे वाचन येथेच थांबविणे म्हणजे आत्मवंचना ठरेल. १९७७ साली जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्य सरकारे बरखास्त केली, तेव्हा जनसंघाचे नेते त्या सरकारात होते. १९८० साली इंदिरा गांधींनी नऊ सरकारे घालवून त्याची परतफेड केली आणि त्यात महाराष्ट्राचेही सरकार गेले. २०१६ साली अरुणाचल प्रदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांची कृती घटनेला धरून नसल्याचे सांगितले. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी शपथविधी झाला आणि चौथ्या दिवशी त्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. २०२२ मधील सत्तांतराच्या वेळी बहुमत चाचणीचा आदेश देण्यास राज्यपालांपाशी पुरेसा आधार नव्हता, असे मत पुढील वर्षी न्यायालयाने नोंदविले. जे दीर्घकाळ या अन्यायाचे बळी ठरले, त्यांच्या हाती सत्ता आल्यावर तर संयमाची अपेक्षा अधिक असते. काल जे पर्रीकरांच्या बाबतीत अयोग्य होते, ते आज इतर कोणाच्या बाबतीत योग्य ठरू शकत नाही.

सुधारणेची एक वाट कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यातच लिहिलेली आहे. नेमणुकीपासून पाच वर्षांच्या आत लेफ्टनंट गव्हर्नरला दूर करायचे असेल, तर त्याचे कारण द्यावे लागते, ते एका महिन्यात त्याला लेखी कळवावे लागते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागते. लेतेलिए यांनाही कारण देऊनच काढले गेले. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर असतो आणि ती मर्जी म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाची. जुलै २००४ मध्ये विष्णुकांत शास्त्री, कैलाशपती मिश्र, बाबू परमानंद आणि केदारनाथ साहनी या चार राज्यपालांना एकाच वेळी दूर करण्यात आले. त्यांचा दोष एवढाच की, त्यांची वैचारिक जडणघडण नव्या सत्ताधाऱ्यांना रुचणारी नव्हती. त्या प्रकरणी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ केंद्रातील सरकार बदलले म्हणून राज्यपाल बदलता येत नाही. २०१४ च्या सत्ताबदलानंतरही आधीच्या काही राज्यपालांना पद सोडावे लागलेच. ज्याचे आसन रोज डळमळते, तो दिल्लीकडे पाहणार की विधानसभेकडे, हा प्रश्न कोणालाही पडावा.

न्यायालय हा रोग कायमचा बरा करील, ही आशाही आता धरता येत नाही. विधेयकांवर निर्णय घेण्यासाठी राज्यपालांना न्यायालयाने मुदत घालून देता येणार नाही आणि न दिलेली संमती दिली असे मानताही येणार नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. अनिश्चित काळ मौन पाळले तर मर्यादित दखल घेता येईल, एवढेच त्याने राखून ठेवले. घटनेच्या शब्दांशी हा अभिप्राय सुसंगत आहे. पण त्यामुळे जबाबदारी हलकी न होता ती राजकीय नेतृत्वाच्या खांद्यावर पूर्णपणे येऊन पडली आहे. न्यायालय जेथे थांबते, तेथून पुढचा प्रदेश संकेतांचा असतो. विधेयक आक्षेपार्ह असेल तर कारणे देऊन ते सत्वर परत पाठवावे. ते घटनाबाह्य असेल तर न्यायालय समर्थ आहे. बहुमताचा संशय असेल तर सभागृह समर्थ आहे. १९८८ साली सरकारिया आयोगाने सक्रिय राजकारणातील व्यक्ती या पदावर नेमू नये, असे सुचविले होते. ती शिफारस अंमलात आणण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, फक्त मनाचा मोठेपणा लागतो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानववादाची मांडणी करताना धर्मराज्याची कल्पना सांगितली होती. राज्यसंस्था सर्वश्रेष्ठ नाही, तिच्याही वर धर्म आहे, आणि धर्म म्हणजे समाजाची धारणा करणारे नियम, हे त्या विचाराचे सार. भारतीय परंपरेत राजा हा धर्माने बांधलेला होता. इंग्लंडच्या मुकुटाला हे बंधन मान्य व्हायला एका राजाचे मस्तक आणि दुसऱ्याचे सिंहासन जावे लागले. त्या मुकुटाच्या नावे चालणारा एक दूरचा प्रांत ४४ विरुद्ध ४२ अशा मतांवर निमूटपणे सत्तांतर घडवितो, आणि ज्या देशाने राजधर्म हा शब्द जगाला दिला, तेथील राजभवनांचे निर्णय न्यायालयाच्या दारात जाऊन पडतात, ही विसंगती स्वाभिमानी समाजाला बोचली पाहिजे. अधिकार असूनही तो न वापरणे हीच राजधर्माची कसोटी आहे. आज केंद्रात जे समर्थ आहेत, त्यांनी ती उत्तीर्ण होऊन दाखविली, तर उद्या येणाऱ्या कोणत्याही सरकारला तो पायंडा मोडताना शंभर वेळा विचार करावा लागेल.